आतड्याच्या जुनाट सुजेसाठी आयुर्वेद हवा, पण वैद्याच्या हातचा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्याच्या पानावर मध्यंतरी आतड्यांच्या सुजेवरील घरगुती उपचारांचा लेख आला होता. ताक, बेल, डाळिंबाची साल, हळदीचं दूध असं बरंच त्यात होतं. त्याच पानावर खाली चौकटीत जाहिरात होती : कोलायटिस मुळासकट बरा, इंग्रजी गोळ्या कायमच्या बंद, कोर्स घरपोच. लेख कापून आणि जाहिरातीवरचा नंबर वहीवर उतरवून दोन-तीन गिऱ्हाइकं माझ्या दुकानात आली, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. थोडं लांबेल, पण विषयच तसा आहे.

चोपड्यात आमचं मेडिकलचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. मी स्वतः अल्सरेटिव्ह कोलायटिसचा जुना रुग्ण आहे. दुकानाच्या एका भिंतीला आतड्याची सूज उतरवणारं मेसालामाइन, प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आहे आणि समोरच्या भिंतीला कुटजघनवटी, बिल्वादी चूर्ण, इसबगोल. दोन्हीकडचं मी विकतो आणि पेशंट म्हणून दोन्हीकडचं घेतलेलंही आहे. मला आयुर्वेदाने फायदा झाला. आयुर्वेदाच्या नावावर आतडं आणखी बिघडवून घेतलेली माणसंही मी काउंटरवरून पाहिली. या दोन गोष्टींमधला फरक वाचकांपर्यंत जावा एवढीच तळमळ आहे.

आधी आजाराबद्दल. आपल्याकडे पोटाच्या प्रत्येक तक्रारीला 'आव' म्हणतात. "भाऊ, मना पोटमा मुरडा येस, एखादी गोळी दे," असं म्हणणारा माणूस रोज येतो. त्यातल्या बहुतेकांना साधा जंतुसंसर्ग असतो, आठवड्यात बरा होतो. काहींना आयबीएस असतं : पोट बिघडतं, जीव मेटाकुटीला येतो, पण आतड्याला सूज नसते आणि रक्त जात नाही. ज्या आजाराबद्दल मी लिहितोय त्यात आतड्याच्या अस्तराला खरोखरची सूज येते, जखमा होतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होऊन मोठ्या आतड्यात सलग वर चढतो. क्रोन्सचा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मधेमधे जागा सोडून होतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटलेली असते. काही महिने बरं वाटतं, मग पुन्हा उसळी येते. दोन्ही वर्षानुवर्षं सोबत राहतात.

खान्देशात शौचाला रक्त दिसलं की पहिला शब्द निघतो 'मूळव्याध'. मग मलम, मग धागा बांधणारा कोणीतरी, मग तिखट बंद. मूळव्याधीत रक्त बहुधा ताजं, लाल, शौचाच्या वरून थेंब पडल्यासारखं येतं. कोलायटिसमध्ये ते आवेत मिसळलेलं असतं, दिवसातून अनेकदा धावावं लागतं, आणि मुख्य म्हणजे रात्री झोपेतून उठून जावं लागतं. रात्री उठवणारा जुलाब ही साधी गोष्ट नव्हे. त्यासोबत वजन घटत असेल, बारीक ताप असेल, हिमोग्लोबिन उतरलं असेल, तर ताक-बेलाच्या आधी दुर्बिणीची तपासणी हवी. कोलोनोस्कोपीचं नाव काढलं की लोक घाबरतात. आदल्या दिवशीचं पोट साफ करायचं औषध सोडलं तर त्यात घाबरण्यासारखं फार काही नाही. पुढे सूज किती आहे हे पाहायला दर वेळी दुर्बीणही लागत नाही. कॅलप्रोटेक्टिन नावाची शौचाची तपासणी असते, त्यावरून बराच अंदाज येतो.

आणखी एक अडचण आपल्या देशातली. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतूनही एकमेकांसारखे दिसतात. टीबी असताना स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं तर टीबी उसळतो. क्रोन्स असताना टीबीची औषधं देत बसलं तर हातचे महिने जातात. हा निवाडा आतड्याचा तुकडा काढून, तपासून तज्ज्ञालाच करावा लागतो. नाडी, जीभ आणि फोनवरची लक्षणं यांतून तो होत नाही. घरपोच कोर्स विकणाऱ्या पार्सलवाल्यांचं सगळंच मला खटकतं, पण पहिलं खटकतं ते हे : आजार कोणता हेच त्यांना ठाऊक नसतं.

आता आयुर्वेदाकडे येतो.

ज्या वैद्यांकडे मी गेलो ते कायचिकित्सेचे, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधोपचाराच्या शाखेचे एम.डी. आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. त्यांनी नाडीवर हात ठेवण्याआधी फाइल मागितली. कोलोनोस्कोपीचा फोटो खिडकीजवळ धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मेसालामाइन कोणी बंद करायला सांगितलं का? कोणी सांगितलं तरी करू नका." नंतर मी सकाळी काय खातो, कशानंतर धावावं लागतं, शौच पाण्यात तरंगतं की बुडतं, कुबट वास येतो का, रात्री किती वाजता झोपतो, असं विचारत गेले. एवढं बारीक मला आधी कोणी विचारलं नव्हतं. आपल्या शास्त्राचं बळ इथे आहे असं माझं मत आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पंधरावा अध्याय ग्रहणीचा, म्हणजे पचन बिघडून जुनाट झालेल्या पोटाच्या विकाराचा, आणि एकोणिसावा अतिसाराचा, म्हणजे जुलाबांचा. पित्ताच्या अतिसारात माणूस पित्त वाढवणारंच खात राहिला की त्याचा रक्तातिसार होतो, असं त्या एकोणिसाव्या अध्यायात वर्णन आहे. आजच्या कोलायटिसची तंतोतंत जोडी एखाद्या जुन्या नावाशी लावता येत नाही, वैद्यही ती लावत नाहीत. पण लक्षणं आणि अवस्था पाहून उपचार बदलायचा हे सूत्र तिथे पक्कं आहे. त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, जी मला दुकानदार म्हणून फार मोलाची वाटते : अतिसारात आम, म्हणजे न पचलेला दोष, असताना सुरुवातीलाच शौच थांबवणारं औषध देऊ नये. हे मी वैद्यांकडून ऐकलं आणि जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडची स्ट्रिप डोळ्यांसमोर आली. कोलायटिस जोरात असताना लोपेरामाइडने शौच कोंडलं तर मोठं आतडं फुग्यासारखं ताणलं जाऊन जिवावर बेतू शकतं, असं आधुनिक वैद्यकही बजावतं. ताप आणि रक्त असताना "फक्त थांबायची गोळी दे" म्हणणाऱ्याला मी ती देत नाही. माझ्या व्यवसायबंधूंनीही देऊ नये.

ताकाचं पाहा. ग्रहणीत ताक श्रेष्ठ, असं चरक सांगतात : अग्नी वाढवतं, बांधून ठेवतं, पचायला हलकं. आपला लेख तिथेच थांबला. पण रक्तपित्ताच्या, म्हणजे रक्त जाण्याच्या विकारात, दाहात, अशक्त माणसाला आणि उन्हाळ्यात ताक देऊ नये, हे सुश्रुतांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिलं आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिसाला टेकतो. त्या दिवसांत, रक्त जात असताना, आंबट ताकाचे तांबे रिचवणारा माणूस आयुर्वेद पाळतोय असं कोण म्हणेल? माझं रक्त चालू होतं तेव्हा वैद्यांनी ताक बंद केलं आणि शेळीचं दूध सांगितलं, उकळून गार केलेलं, थोडी खडीसाखर घालून. रक्तातिसारात शेळीचं दूध हा चरकांचाच उपाय. आमच्या भागात शेळ्या दारोदार, त्यामुळे सोय झाली. पण दूध ज्यांना पचतच नाही त्यांनी माझं पाहून ते सुरू करू नये. रक्त थांबल्यावर, पावसाळा सरल्यावर, मला ताक मिळालं : ताजं, गोडसर, लोणी काढलेलं, भाजलेल्या जिऱ्याचं. एकाच माणसाला एका ऋतूत जे विष, ते दुसऱ्या ऋतूत औषध झालं. हे वर्तमानपत्राच्या चौकटीत कसं मावणार?

जेवणाचं मात्र खान्देशी माणसासाठी अवघड प्रकरण आहे. थंडीत भरिताच्या पार्ट्या, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेवभाजीचा तांबडा रस्सा, कळण्याची भाकरी. सूज भडकलेली असताना यातलं काहीही चालत नाही. आमच्या घरी तेव्हा चुलीवर दोन पातेली चढायची. बायको जुन्या तांदळाची पेज करायची, सुंठेची चिमूट आणि सैंधव घालून. ती पचली की मऊ भात, मग मुगाचं कढण, मग दुधी किंवा दोडक्याची बिनमिरचीची भाजी तुपाच्या फोडणीवर. पंचकर्मानंतर पेया, विलेपी, यूष असं पायरीपायरीने वाढवत नेण्याचा जो संसर्जन क्रम आहे, तोच वैद्यांनी माझ्यासाठी वापरला. आणखी त्यांनी बंद केलं ते शिकरण. केळीच्या जिल्ह्यात राहून शिकरण बंद! केळं आणि दूध एकत्र हे विरुद्ध अन्न, असं सुश्रुतांचं मत. पिकलेलं केळं नुसतं खायला त्यांनी कधीच मना केलं नाही, आणि भडका उतरल्यावर मला सगळ्यांत आधी मानवलेलं फळ तेच.

पण पथ्य म्हणजे कायमची उपासमार नव्हे, हेही लिहिलं पाहिजे. या आजारात रक्त जातं, प्रथिनं जातात, लोह कमी होतं. महिनोन्‌महिने नुसत्या ताकावर किंवा पेजेवर राहून हाडांचा सापळा झालेले लोक मी पाहिलेत, आणि त्यांना तसं ठेवणारा कोणीही वैद्य नव्हता, मोबाइलवरचा व्हिडिओ होता. सूज उतरल्यावर जेवण हळूहळू वाढवायचंच असतं. आज मी भरीत खातो, मिरची कमी घालून. भाकरी ज्वारीची. कळणा अजून जड जातो.

ज्या उपचाराबद्दल मला सविस्तर लिहायचंय तो आहे पिच्छाबस्ती. आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नव्हता. हा चरकांनी अतिसाराच्या अध्यायात दिलेला बस्ती, म्हणजे गुदमार्गाने द्यायचं औषध, आहे आणि त्याचं मुख्य द्रव्य म्हणजे आपल्या सातपुड्यातली काटेसावर. फाल्गुनात पानं झडून लाल फुलांनी झाड भरलं की वैद्यांचा माणूस देठ गोळा करून आणतो. मूळ पाठात कृती अशी आहे : सावरीच्या फुलांचे ताजे देठ ओल्या दर्भात गुंडाळायचे, वरून काळ्या मातीचा लेप द्यायचा आणि गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे. माती सुकली की देठ काढून कुटायचे, त्यातलं मूठभर उकळलेल्या दुधात कालवून गाळायचं, त्यात तेल, तूप आणि ज्येष्ठमधाचा कल्क, म्हणजे वाटण, घालायचा. एकदा मी हे सगळं बसून पाहिलं. माती आमच्याच कपाशीच्या शेतातली होती. भाजल्यावर ती तडकली, आतले देठ काळपट हिरवे आणि मऊ झाले होते. खलबत्त्यात घातले तर भेंडीसारखी तार सुटली. एरवी बरेच वैद्य देठांऐवजी सावरीचा डिंक, म्हणजे मोचरस वापरतात.

बस्ती घेताना डाव्या कुशीवर झोपायचं, कोमट द्रव हळू सोडतात, आणि जमेल तितका वेळ धरून ठेवायचा. गंमत अशी नव्हे तर महत्त्वाची गोष्ट अशी की मेसालामाइनचा एनिमाही मी असाच डाव्या कुशीवर झोपून घेत होतो. सूज जर खालच्या भागात असेल तर औषध तिथेच पोहोचवावं, हे दोन्ही शास्त्रांनी ओळखलं. पिच्छाबस्तीच्या काळात माझी आग कमी झाली, एकसारखी कळ येऊन धावावं लागायचं ते कमी झालं. मेसालामाइन चालूच होतं, त्यामुळे कोणाचा वाटा किती ते वेगळं काढता येत नाही, आणि मला ते वेगळं काढायची गरजही वाटत नाही. बस्तीच्या आधी आणि नंतर कॅलप्रोटेक्टिन करायला वैद्यांनीच सांगितलं. ताप, पोट फुगणं, जोराचा रक्तस्राव असताना त्यांनी बस्ती द्यायला नकार दिला आणि थेट जळगावला पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. असा नकार देणारा वैद्य मिळाला तर त्याला सोडू नका. आणि हा बस्ती घरी, व्हिडिओ पाहून, कोणीही करू नये. सुजलेलं आतडं नाजूक असतं.

औषधींबद्दल दुकानदार म्हणून थोडं. कुड्याची साल ही या रोगांतली मोठी औषधी, चरकांनी कफ, पित्त आणि रक्त बांधणाऱ्या द्रव्यांत तिला अग्रस्थान दिलं आहे. पण आठवडे बाजारात गोणपाटावर मिळणारी प्रत्येक साल पांढऱ्या कुड्याची नसते. काळ्या कुड्याची साल तिच्यात सर्रास मिसळली जाते, दोन्ही झाडं दिसायला जवळची. पांढऱ्या कुड्याची साल जिभेवर ठेवताच कडूजहर लागते.

हळदीचं तर आज वेडच आहे. जपानमध्ये २००६ साली ८९ कोलायटिस रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या औषधांसोबत रोज २ ग्रॅम करक्युमिन घेणाऱ्यांमध्ये सहा महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. ही आशेची गोष्ट आहे. पण दिल्लीच्या एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं तर काही उपयोग झाला नाही, तो अभ्यास २०१७ चा. हळदीत करक्युमिन असतं साधारण तीन टक्के. म्हणजे २ ग्रॅमसाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. रात्रीच्या दुधातली चिमूट घ्या, आवडत असेल तर जरूर घ्या, पण तिच्या भरवशावर गोळी सोडू नका.

इसबगोलचा स्पेनमधला १९९९ चा अभ्यास आहे. कोलायटिस शांत असताना तो शांत ठेवण्यात इसबगोलाचं बी वर्षभर मेसालामाइनच्या बरोबरीने उतरलं. इतकी स्वस्त वस्तू! पण क्रोन्समध्ये आतडं कुठे अरुंद झालं असेल तर तेच इसबगोल फुगून अडकू शकतं. पुन्हा तेच, आधी आजार ठरला पाहिजे. आणि गुळवेल. कोरोनाच्या काळात घरोघरी काढा उकळला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, आयुष मंत्रालयाने ते अमान्य केलं. तो वाद वाद म्हणून राहो. पण ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःवर उलटली आहे, जो ती दाबायला अझाथायोप्रिन घेतोय, त्याने प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा डॉक्टरांना न विचारता का घ्यावा?

आता पुडीबद्दल. तापीकाठच्या एका गावचा मुलगा, आयटीआयला शिकणारा, माझ्याकडून मेसालामाइन न्यायचा. मध्येच यायचा थांबला. पुढे त्याचे वडील आले ते हिमोग्लोबिन सहावर आलंय असा रिपोर्ट घेऊन. मधल्या काळात त्याने जाहिरात वाचून तपकिरी पुड्या मागवल्या होत्या. पंधरवड्यात रक्त बंद, भूक जोरात, घरचे खूश. चेहरा गोल झाला तेव्हा सगळे म्हणाले, अंग धरलं. पुड्या संपल्या, पुढचं पार्सल लांबलं, आणि आठ दिवसांत आजार दुपटीने उसळला. मी एक रिकामी पुडी पाहिली. त्यावर घटक नाहीत, बॅच नाही, परवाना नाही, फक्त एक देवाचं चित्र. गोल चेहरा, अचानक वाढलेली भूक, बंद होताच कोसळणं, ही स्टिरॉइडची ओळखीची चाल आहे, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही तोच संशय आला. स्टिरॉइड वाईट औषध नव्हे, भडक्यात ते जीव वाचवतं. पण ते मोजून, ठरावीक काळ, हळूहळू कमी करत द्यायचं असतं. जडीबुटी समजून बेमाप खायचं नसतं.

औषध नियमांतल्या १६१ व्या नियमाप्रमाणे आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर घटक आणि त्यांचं प्रमाण, उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक असावा लागतो. पारा, हरताळ, मनशीळ, बिबा अशी द्रव्यं पोटात घ्यायच्या औषधात असतील तर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं अशी सूचना छापावी लागते. हे ज्या पुडीवर नाही ती आयुर्वेदाची नव्हेच. ग्रहणीसाठी पर्पटी हा परंपरेतला नामांकित कल्प आहे, पारा-गंधक खलून केलेली काळी पूड, म्हणजे कज्जली, वितळवून शेणावर पसरलेल्या केळीच्या पानावर ओततात, वरून दुसऱ्या पानाने दाबतात. आमच्या वैद्यांच्या गुरूंकडे तो व्हायचा. पर्पटीत पारा आहे हे माहीत असलेला वैद्य मात्रा गुंजांमध्ये मोजतो, पेशंट डोळ्यांसमोर ठेवतो. बोस्टनच्या दुकानांतल्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. या बातमीने राग येण्यापेक्षा आपली दुकानं साफ करावीत असं मला वाटतं.

बायकांचं दुखणं यात आणखी दबलेलं असतं. एक आई मुलीची औषधं कागदात गुंडाळून मागते, शेजारीण दुकानात असली तर न घेताच परत जाते, कारण मुलीचं जमवायचं चाललंय. लग्न झालेल्या मुली दिवस राहिले की आपल्या मनाने गोळ्या बंद करतात, 'आता सगळं नैसर्गिक' म्हणून. आजार शांत असताना गरोदरपण बहुतेकींचं नीट पार पडतं, भडक्यात मात्र आईलाही धोका असतो आणि बाळालाही. मेसालामाइन त्या काळात सहसा चालूच ठेवतात. डॉक्टरांना विचारा, एवढं मी त्या आईंना सांगतो. कंबरदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मागणाऱ्या जुन्या कोलायटिसवाल्यालाही मी थांबवतो, या गोळ्यांनी शांत आतडं भडकू शकतं. आणि मोठ्या आतड्याचा बराच भाग सुजलेला असेल तर साधारण आठ वर्षांनंतर ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करावीच लागते, कारण कर्करोगाचा धोका वाढतो. आयुर्वेदाने कितीही बरं वाटलं तरी ही तपासणी सुटत नाही.

संपादक महाशय, औषधे व जादूटोणासदृश उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ सालचा आहे. ज्या रोगांवर हमखास उपायाच्या जाहिराती करता येत नाहीत त्यांच्या यादीत पचनमार्गातले व्रणही आहेत. जाहिरातीशिवाय वर्तमानपत्र चालत नाही हे दुकानदाराला सांगावं लागत नाही. पण आपल्या पानावर छापलेलं खेड्यापाड्यात खरं मानलं जातं. 'पेपरात आलंय' हे शब्द मी रोज ऐकतो. म्हणून 'मुळासकट', 'गॅरंटी', 'इंग्रजी गोळ्या बंद' हे शब्द असलेली औषधाची जाहिरात आपण घेऊ नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

दुसरी विनंती डॉक्टर आणि वैद्य दोघांना. माझ्या फाइलमध्ये दोघांची अक्षरं आहेत, कारण वैद्यांनी काय दिलं ते त्यांनी लिहून दिलं आणि ते मी पोटविकारतज्ज्ञांना दाखवलं. पहिल्यांदा तज्ज्ञांनी भुवया उंचावल्या, मग प्रत्येक द्रव्य विचारून घेतलं, एक बंद करायला सांगितलं, बाकी राहू दिलं, आणि यकृताची तपासणी दर तिमाहीला लावली. वैद्यांनीही ते मानलं. बहुतेक पेशंट असं दाखवत नाहीत, कारण ओरडा खाण्याची भीती असते. डॉक्टरांनी न रागावता विचारलं आणि वैद्यांनी चिठ्ठीवर घटक लिहून दिले, तर निम्मा गोंधळ मिटेल.

आपल्या आरोग्य पानासाठी एखादे कायचिकित्सेचे वैद्य आणि एखादे पोटविकारतज्ज्ञ यांच्याकडून मिळून या विषयावर लिहून घेता येईल का? भडक्यात काय खावं, शांत काळात काय, कोणती तपासणी कधी, बस्ती कोणाला आणि कोणाला नाही, एवढं जरी खान्देशच्या जेवणाच्या भाषेत आलं तरी मी ते कात्रण काउंटरच्या काचेखाली लावीन. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटांची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं नाव छापू नये. पत्ता आणि फोन सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे.

आपला,
एक औषधविक्रेता व रुग्ण,
चोपडा, जि. जळगाव